एक कप कॉफीत किती किलोमीटर?

रविवारी पहाटे साडेपाच वाजता साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आम्ही पाच जण सायकली घेऊन जमतो. एक बँकेत रोखपाल, एक औषधांच्या दुकानाचे मालक, एक क्रीडाशिक्षक, एक इतिहासाचे प्राध्यापक आणि मी. तेथून पुणे रस्त्याने लिंब खिंड ओलांडून पाचवड, पाचवडवरून वाई, आणि वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी. पाचगणीच्या बाजारपेठेतील एका लहानशा हॉटेलात कॉफी घ्यायची, अर्धा तास गप्पा मारायच्या आणि परत फिरायचे. एवढ्यासाठी सत्तेचाळीस किलोमीटर सायकल मारणाऱ्यांना घरची मंडळी काय म्हणतात, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

ह्या लेखाला कारण झाले ते आमचे इतिहासाचे सर. गेल्या पावसाळ्यात ते डेंग्यूने महिनाभर अंथरुणावर होते. बरे झाल्यावर पहिल्याच रविवारी उत्साहाने आले. पण लिंब खिंडीनंतर मागे पडू लागले. आम्ही चौघे पुढे जायचो आणि पुढच्या फाट्यावर थांबायचो. ते पोहोचले, की लगेच पुन्हा निघायचो. कसेबसे ते वाईपर्यंत आले, घाट चढू लागले. पण पाचगणी दीड-दोन किलोमीटर राहिली असताना एका वळणावर सायकल कठड्याला टेकवून खाली बसले. एका टेंपोवाल्याने त्यांना वर आणून सोडले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाले, "तुम्ही जात चला. माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांची कॉफी थंड होते."

ही गोष्ट मला लागली. कारण विचार करता लक्षात आले, की चूक त्यांची नव्हती. पदार्थविज्ञान शिकवणारा मनुष्य बरोबर असूनही आम्ही पाच जणांनी पाच सायकली अगदी नको त्या पद्धतीने चालवल्या होत्या. ते कसे, हे समजण्यासाठी आधी सायकलस्वाराची शक्ती जाते कोठे, ते पाहू.

तीन सावकार

सायकल सरळ आणि एकाच वेगाने चालवत असताना स्वाराला तीन जणांचे देणे द्यावे लागते. पहिला सावकार म्हणजे रस्ता. टायर जमिनीशी टेकतो तेथे थोडा दबतो, पुढे सरकला की पुन्हा फुगतो. ह्या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दुसरा सावकार हवा. तिसरा गुरुत्वाकर्षण, पण हा चढावरच दारात उभा राहतो. (साखळी, पेडल आणि बेअरिंग यांतील घर्षण चौथे म्हणता येईल. साखळी स्वच्छ आणि तेल दिलेली असेल, तर ते इतके कमी असते की आपण ते सोडून देऊ.)

आता आकडे घालून पाहू. समजा, स्वाराचे वस्तुमान ६५ किलोग्रॅम आणि सायकल, पाण्याची बाटली वगैरे मिळून १५ किलोग्रॅम. एकूण ८० किलोग्रॅम. म्हणजे वजन झाले ८० × ९.८ = ७८४ न्यूटन. बऱ्यापैकी डांबरी रस्ता आणि नीट हवा भरलेले टायर असतील, तर रस्त्याचा रोध वजनाच्या सुमारे ०.६ टक्के असतो. म्हणजे साधारण ५ न्यूटन. अर्धा लिटर पाण्याची पिशवी उचलायला जेवढे बल लागते तेवढेच! शिवाय वेग वाढला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. हवा भरलेल्या टायरचे हे उपकार आहेत. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली असा टायर सायकलीला बसवला. त्याआधीच्या भरीव रबराच्या चाकांवर बसून हाडे खिळखिळी होत.

हवेचे गणित वेगळे आहे. हवेचा रोध काढण्याचे सूत्र असे :

रोध = ½ × हवेची घनता × आकाराचा गुणांक × समोरून दिसणारे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

सातारा, वाई हा सगळा भाग समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. येथे हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम धरता येईल. ताठ बसलेल्या स्वाराचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक १ धरू. वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर, त्याचा वर्ग ३०.९. गुणाकार करून पाहा : उत्तर ८.५ न्यूटन येते.

म्हणजे सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी २० किलोमीटरला एकूण रोध १३.५ न्यूटन, आणि त्यातला जवळजवळ दोनतृतीयांश एकट्या हवेचा. स्वाराला द्यावी लागणारी शक्ती १३.५ × ५.५६ = ७५ वॉट. घरातल्या छताच्या जुन्या पद्धतीच्या पंख्याला साधारण एवढीच वीज लागते.

सूत्रातला 'वेगाचा वर्ग' मात्र विसरू नका. सगळी गोम तेथे आहे. वेग २० वरून ३० केला, म्हणजे दीडपट केला, तर हवेचा रोध दीडपट होत नाही; सव्वादोनपट होतो. ८.५ चे १९ न्यूटन होतात. रस्त्याचे ५ मिळवले की २४. आणि शक्ती ७५ वॉटवरून २०० वॉटवर जाते! आमचे क्रीडाशिक्षक महामार्ग लागला की असे सुटतात. पहिली दहा मिनिटे फार रुबाबदार दिसतात.

वाऱ्याचेही तसेच. सूत्रातील वेग हा हवेच्या सापेक्ष वेग आहे. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही २० ने जात असाल, तर हवेच्या दृष्टीने तुमचा वेग ३०. "जाताना समोरून लागला, तर येताना पाठीमागून मिळेल, फिटंफाट" असे पुष्कळांना वाटते. पण गणित करा. जाताना हवेचा रोध सव्वादोनपट, येताना पावपट. दोहोंची सरासरी सव्वापट. वारा नसता तर एकपट असती. म्हणजे येण्याजाण्याच्या प्रवासात वारा कधीच पूर्ण परतफेड करत नाही.

पस्तीस आणि बारा

आता आमचा मार्ग पाहू. सातारा ते वाई सुमारे ३५ किलोमीटर. दोन्ही गावांच्या उंचीत फारसा फरक नाही. मधले चढउतार एकमेकांना फेडतात असे तूर्त धरू. (हे अगदी खरे नाही. लिंब खिंडीच्या उतारावर ब्रेक दाबला, की चढताना साठवलेली ऊर्जा वाया गेलीच.) ह्या टप्प्यात करावे लागणारे कार्य :

१३.५ न्यूटन × ३५,००० मीटर = सुमारे ४,७२,००० ज्यूल, म्हणजे ४७२ किलोज्यूल.

वाई सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. फरक साधारण ५७५ मीटर धरू. घाटरस्ता सुमारे १२ किलोमीटर. शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी ह्याच घाटाच्या पायथ्याशी आहे. तेथून वर निघालो की थोड्या वेळाने खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसू लागते. पण चढणाऱ्याला ते बघण्याइतका दम नसतो. केवळ उंची गाठण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजेच आपण कमावलेली स्थितिज ऊर्जा :

७८४ न्यूटन × ५७५ मीटर = सुमारे ४५१ किलोज्यूल.

हे दोन आकडे शेजारी ठेवा : ४७२ आणि ४५१. सपाटीवरचे पस्तीस किलोमीटर आणि घाटातले बारा किलोमीटर जवळजवळ सारख्याच किमतीचे! सपाटीवर हवा आणि रस्ता मिळून जेवढे खातात, तेवढेच घाटात एकटे गुरुत्वाकर्षण मागते. त्याशिवाय घाटात रस्त्याचा रोध ५ न्यूटन आहेच. हवेचा रोध मात्र तेथे नगण्य असतो, कारण आपण ताशी जेमतेम ८ किलोमीटरने चढत असतो. वेग २० च्या दोनपंचमांश, म्हणून रोध चारपंचविसांश : फक्त १.४ न्यूटन. चढाकडून मागे ओढणारे बल सुमारे ३७.६ न्यूटन, सगळे मिळून ४४ न्यूटन. दीड तास ९८ वॉट द्यावे, तेव्हा माथा येतो. घाटाचा एकूण खर्च सुमारे ५२८ किलोज्यूल.

सकाळची बेरीज झाली १००० किलोज्यूल, म्हणजे एक मेगाज्यूल. आकडा इतका गोल आला की मला स्वतःलाच संशय येऊन मी तो पुन्हा तपासला. बरोबर आहे, पण त्यात क्षेत्रफळ, गुणांक वगैरे अंदाजी आहेत हे ध्यानात ठेवा. तुमचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा येऊ शकेल.

पाठीमागची सावली

आता इतिहासाच्या सरांकडे परत येऊ. सायकलस्वार हवेतून जातो तेव्हा समोरची हवा बाजूला ढकलतो. ही हवा त्याच्या पाठीमागे लगेच शहाण्यासारखी मिटत नाही. तेथे भोवरे तयार होतात, दाब कमी होतो आणि तेथील हवा स्वाराच्या मागोमाग थोडी ओढली जाते. ह्या पट्ट्याला आपण हवेची सावली म्हणू. ह्या सावलीत दुसरा स्वार शिरला, तर त्याला आयतीच बाजूला सारलेली, पुढे सरकणारी हवा मिळते. साहजिकच त्याला हवेचा रोध कमी लागतो.

किती कमी? अमेरिकन अभियंते चेस्टर काइल यांनी १९७९ साली आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शर्यतीच्या वेगाने एकामागे एक अगदी चिकटून जाणाऱ्या स्वारांपैकी मागच्याला हवेचा रोध सुमारे ३८ टक्के कमी लागतो, असे त्यांना आढळले. २०१८ साली बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या घोळक्याचा संगणकाने आणि वातबोगद्यात अभ्यास केला. अशा दाट घोळक्याच्या मध्यावर आणि मागे असलेल्या काही स्वारांना तर एकट्या स्वाराच्या मानाने केवळ ५ ते १० टक्के हवेचा रोध लागतो! लांबच्या शर्यतींत उत्तम खेळाडू शेवटपर्यंत घोळक्यात दडून का राहतात, ते आता लक्षात येईल.

आम्ही शर्यतवाले नव्हे. दोन सायकलींत मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवतो. तेव्हा बचत फक्त २५ टक्के धरू. ८.५ न्यूटनच्या पाव म्हणजे २.१ न्यूटन. दिसायला क्षुल्लक! पण पस्तीस किलोमीटरने गुणा :

२.१ न्यूटन × ३५,००० मीटर = सुमारे ७५ किलोज्यूल.

आणि घाटात दर मीटरला ४४ न्यूटन लागतात. ७५,००० भागिले ४४ म्हणजे १७०० मीटर. सपाटीवर दुसऱ्याच्या सावलीत राहून जे वाचते, त्यात घाटातले पावणेदोन किलोमीटर चढता येतात. सर कठड्याला टेकून बसले तेथून पाचगणी साधारण तेवढीच लांब होती.

म्हणजे आम्ही काय केले होते ते पाहा. चौघे धडधाकट एकमेकांच्या सावलीत पुढे, आणि आजारातून उठलेला माणूस दोनशे मीटर मागे, एकटा, सगळी हवा अंगावर घेत. शिवाय तो पोहोचला की आम्ही निघणार. म्हणजे विश्रांती आम्हाला, त्याला नाही. सगळ्यांत अशक्त माणसाकडून आम्ही सगळ्यांत जास्त काम करून घेतले होते आणि वर "सर, सावकाश या हं" असेही म्हणत होतो.

मी हे सगळे एका कागदावर मांडून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे सैन्याच्या कूचमध्ये जखमी लोक मध्यभागी ठेवतात, तसेच की!" मग आम्ही नियम ठरवले. पुढे राहण्याची पाळी चौघांची, दर दोन किलोमीटरला बदलायची. सर नेहमी तिसऱ्या क्रमांकावर. वेग पुढच्याने ठरवायचा नाही, तिसऱ्याने ठरवायचा. पुढचा थकला की उजवीकडे न पाहता बाहेर पडायचे नाही; हात दाखवायचा, मागे वाहन नाही ह्याची खात्री करायची आणि मग शेवटी जाऊन लागायचे.

घाटात मात्र ह्यातले काही उपयोगी नाही. १.४ न्यूटनच्या पाव वाचवून काय होणार? गुरुत्वाकर्षणाला सावली नसते. तेथे प्रत्येकाने आपापल्या गतीने, हलक्या गियरवर चढायचे. हलक्या गियरने एकूण कार्य कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. फक्त तेच कार्य अधिक फेऱ्यांत विभागले जाते आणि दर फेरीला पायावर येणारा ताण उतरतो. एक गोष्ट मात्र आम्ही केली. सरांच्या पाठीवर चार-पाच किलोची पिशवी असे (पुस्तके! पाचगणीला कॉफी प्यायला जाताना!). ती क्रीडाशिक्षकांनी घेतली. ५ किलोग्रॅम ५७५ मीटर वर नेण्याचे २८ किलोज्यूल सरांचे वाचले.

येथे विद्यार्थ्यांना दोन शब्द बजावून सांगायला हवेत. सावलीत राहण्याची किंमत असते आणि मी ती दिलेली आहे. ताशी २० किलोमीटरने आपण सेकंदाला साडेपाच मीटर जातो. पुढचा थांबतो आहे हे दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद तरी जातो. तेवढ्यात तीन-चार मीटर अंतर कापले जाते. दोन सायकलींत अंतर मात्र एक मीटर! पाचवडजवळ रोखपालांनी कुत्रे आडवे आले म्हणून करकचून ब्रेक मारला आणि माझे पुढचे चाक त्यांच्या मागच्या चाकाला घासले. ते तसेच पुढे गेले, मी पडलो. कोपर महिनाभर दुखत होते. असे का व्हावे? सायकल उभी राहते ती आपण नकळत सतत हँडल किंचित वळवत असतो म्हणून. ज्या बाजूला कललो त्या बाजूला चाक वळवायचे, की तोल सावरतो. ज्याचे पुढचे चाक अडकले त्याला हे वळवणे करताच येत नाही. म्हणून नेहमी मागचा पडतो. तेव्हा शाळेतल्या मुलांनी रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. आणि ट्रकच्या किंवा एस.टी.च्या मागे सायकल लावण्याचा मोह तर कोणीच कधीही धरू नये. पुढचे काही दिसत नाही आणि त्यांचे ब्रेक आपल्यापेक्षा फार जोरदार असतात.

नव्या नियमांच्या पहिल्या रविवारी आम्हाला वाईला पोहोचायला नेहमीपेक्षा वीस मिनिटे जास्त लागली. घाटात सर सगळ्यांत शेवटी होते. त्या वळणावर ते थांबले नाहीत. हॉटेलात आम्ही कॉफी मागवली नव्हती. ते आले तेव्हा मागवली.

कपातली ऊर्जा

आता शीर्षकातला प्रश्न. कपभर दुधाच्या कॉफीत, समजा, १०० मिलिलिटर गाईचे दूध आणि दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर आहे. दुधातून सुमारे ७० आणि साखरेतून ४० किलोकॅलरी मिळतात. एकूण ११०, ४.२ ने गुणले की सुमारे ४६० किलोज्यूल. पण आपले स्नायू अन्नातील सगळ्या ऊर्जेचे कार्य करू शकत नाहीत. सायकल चालवताना कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. पावपट धरली तर पेडलपर्यंत ११५ किलोज्यूल पोहोचतात. सपाटीवर एकट्याने त्यात साडेआठ किलोमीटर होतील. मित्राच्या सावलीत राहून दहा. पसरणीच्या घाटात अडीचपेक्षा थोडे जास्त. सकाळच्या एक मेगाज्यूलसाठी आठ-नऊ कप लागतील. दुधाशिवाय, साखरेशिवाय कॉफी घेतली तर? तीत ऊर्जा जवळजवळ नाहीच. कॅफीनने थकवा कमी जाणवतो, कारण थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या ॲडिनोसीन ह्या द्रव्याची जागा ते अडवते. निरोप अडला म्हणजे काम कमी झाले असे नव्हे.

उरलेली पाऊण ऊर्जा कोठे जाते? उष्णतेत. घाटात ९८ वॉटचे कार्य करताना शरीरात आणखी सुमारे ३०० वॉट उष्णता तयार होत असते. आणि वेग कमी असल्याने अंगाला वाराही लागत नाही. घाटात घामाच्या धारा लागतात त्या ह्यामुळे.

परतीचा घाट फुकट. पण तो फुकटही पुरता हाती लागत नाही. वळणे आणि रहदारी असल्याने आम्ही ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. त्या वेगाला हवा सुमारे १३ न्यूटन आणि रस्ता ५ न्यूटन अडवतो, उतार ३७.६ न्यूटनने ओढत असतो. उरलेले सुमारे १९ न्यूटन ब्रेकने अडवायचे. बारा किलोमीटरांत सुमारे २३० किलोज्यूल उष्णता रिम आणि ब्रेकच्या रबरांत! पाचगणीच्या उंचीवर पाणी सुमारे ९६ अंश सेल्सिअसला उकळते. १५० ग्रॅम पाणी २५ अंशांपासून तेथवर तापवायला साधारण ४५ किलोज्यूल लागतात. म्हणजे प्रत्येक जण खाली उतरताना पाच कप पाणी उकळण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये घालवतो. म्हणूनच उतारावर ब्रेक सतत एकच दाबून धरू नये. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरावेत, मधूनमधून सोडावेत आणि रिमला निवायला वेळ द्यावा.

करून पाहा

रस्त्याचा रोध मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. रहदारी नसलेली सपाट जागा घ्या. शाळेच्या आवारातला सिमेंटचा रस्ता चालेल. खडूने १० मीटर अंतरावर दोन रेघा मारा. सावकाश, एकाच वेगाने सायकल चालवत दोन्ही रेघा ओलांडा. मित्राने घड्याळावर वेळ मोजावा. दुसरी रेघ ओलांडताच पेडल मारणे थांबवा, ब्रेक लावू नका आणि सायकल आपोआप कोठे थांबते ते पाहा. समजा, १० मीटरला ४ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला २.५ मीटर, आणि सायकल पुढे ५० मीटरवर थांबली. मंदन = वेगाचा वर्ग ÷ (२ × अंतर) = ६.२५ ÷ १०० = ०.०६२५. याला एकूण वस्तुमान ८० किलोग्रॅमने गुणले की बल ५ न्यूटन. इतक्या कमी वेगाला हवेचा रोध ह्या सबंध अंतरात सरासरीने एका न्यूटनहूनही कमी असतो, म्हणून तो सोडला तरी चालतो. उतार आणि वारा यांची चूक जावी म्हणून प्रयोग दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्या. नंतर टायरमधली हवा थोडी कमी करून पुन्हा करा.

हा प्रयोग मी कॉलेजच्या आवारात विद्यार्थ्यांकडून करून घेतला. माझी सायकल ५० मीटरांच्या आसपास गेली. इतिहासाचे सर बाजूला उभे होते. मुलांनी आग्रह केला म्हणून त्यांचीही सायकल घेतली. त्यांचे आणि माझे वजन सारखेच आहे. तोच वेग, तीच रेघ. सायकल ३० मीटरवर थांबली. दुसऱ्या दिशेनेही तेवढीच. मुलांनी लगेच गणित केले : ८.३ न्यूटन!

मागच्या टायरमध्ये हवा कमी होती आणि ब्रेकचे एक रबर रिमला हलकेच घासत होते. ३.३ न्यूटन जास्त, सत्तेचाळीस किलोमीटर : सुमारे १५५ किलोज्यूल. सावलीतून आम्ही त्यांना जे ७५ मिळवून दिले, त्याच्या दुप्पट ते आजारातून उठल्यापासून दर रविवारी घासणाऱ्या रबराला आणि मऊ टायरला देत होते. महिनाभर घरात उभ्या असलेल्या सायकलीची हवा उतरणार, हे मला सुचायला हवे होते. मी मात्र हवेच्या सावलीचा कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो, सायकल दारातच उभी होती, आणि टायर बोटाने दाबून पाहिला नाही.

एका विद्यार्थ्याने रबराचा स्क्रू सैल करून ते सरळ बसवले, दुसऱ्याने पंप आणला. पुन्हा रेघ ओलांडली तेव्हा सायकल ४८ मीटर गेली. सर म्हणाले, "आता ह्या रविवारी एक पाळी पुढे मी घेईन."